शेजाऱ्याची मनाई

दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत माझी धाकटी बहीण फराळाचा डबा घेऊन आली, ती डबा खालीं ठेवण्याच्या आधींच म्हणाली, "दादा, तूंच आतां त्याला चार शब्द सांग. माझं कांहीं तो ऐकत नाहीं."

त्याला म्हणजे तिच्या मुलाला. माझा हा भाचा हॉटेल-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पुरा करून ठाण्याच्या एका हॉटेलांत वर्षभर राबला होता. आतां त्याला पणजीहून बोलावणें आलें होतें. काम मांडवी नदींत उभ्या असलेल्या एका जहाजावर, पत्ते वाटण्याचें. पगार ठाण्याच्या दीडपट, शिवाय खेळणारे खूष होऊन देतील तें निराळें. कॅसिनो हा शब्द माझ्या बहिणीनें एकदांही उच्चारला नाहीं. "त्या बोटीवर" एवढेंच ती म्हणत राहिली.

मी एका महाविद्यालयांत वाणिज्य शिकवितों. त्यामुळें घरांतील कोणत्याही पैशाच्या प्रश्नावर मला मत असलेंच पाहिजे, अशी आमच्या कुटुंबाची समजूत आहे, आणि ती मोडावी असें मलाही कधीं वाटलें नाहीं. बाजारपेठ भरून गेली म्हणजे काय होतें, यावरील प्रकरण तर मी दर वर्षीं फळ्यावर दोन रेषा काढून शिकवितों. पण बहिणीनें मला गांठलें तें त्या दोन रेषांसाठीं नव्हे. आमच्या घराला जुगाराची एक जुनी जखम आहे, आणि ती तिच्याइतकी मलाही ठाऊक आहे.

आमचें घर कळव्याचें. ठाण्याहून खाडी ओलांडली कीं कळवा. धिम्या गाड्या येथें थांबतात. लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्याकडे ढुंकूनही न पाहतां पारसिकच्या बोगद्याकडे निघून जातात. माझ्या लहानपणीं स्टेशनाबाहेरच्या पानाच्या ठेल्यावर मोठीं माणसें एकमेकांस विचारीत, "कल्याण काय आलं?" मला वाटे, हीं बिचारीं कल्याण लोकलची चौकशी करीत आहेत. गाडी समोर उभी असतांनाही तीं तोच प्रश्न कां विचारतात, हें कोडें मला सुटत नसे. कल्याण गांवाचा त्या आंकड्यांशीं कांहींएक संबंध नाहीं, कल्याणजी भगत नांवाच्या गृहस्थानें १९६२ सालीं मुंबईंत चालूं केलेल्या मटक्याचें तें नांव, हें मला पुष्कळ उशिरां कळलें.

राज्य सरकारनें १९६९ सालीं स्वतःची लॉटरी काढली. मटक्याच्या नादांतून लोकांना सोडवावें हाही त्यामागें एक हेतु सांगितला जाई. आमच्या घराशीं तिची गांठ पडली ती १९८६ सालीं. त्या वर्षीं नानांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, ठाणें-बेलापूर रस्त्यावरील कारखाना बंद पडला. हातीं आलेल्या थोड्याफार पैशांतून त्यांनीं स्टेशनाच्या वाटेवर लॉटरीच्या तिकिटांचा एक स्टॉल टाकला. एक लाकडी टेबल, वर छत्री, आणि दोरीला चिमट्यांनीं अडकवलेलीं रंगीबेरंगी तिकिटें. सरकारी शिक्क्याचा माल विकण्यांत त्यांना कमीपणा वाटत नसे. स्वतः मात्र ते एकही तिकीट घेत नसत. "हलवाई आपली मिठाई खात नाहीं," असें ते हंसत हंसत म्हणत.

पहिलीं तीन-चार वर्षें बरीं गेलीं. कमिशनावर घर चाललें, माझें शिक्षण चाललें. नानांचा धंदा चालतो हें इतरांनाही दिसलें, आणि तेथूनच बिघाडाला सुरुवात झाली. दुसरा स्टॉल आला, मग तिसरा. १९९२ च्या सुमारास मीं एकदां सहज मोजले तेव्हां स्टेशनापासून नाक्यापर्यंत नऊ स्टॉल झाले होते. ज्या राज्यांचीं नांवें मीं केवळ भूगोलाच्या पुस्तकांत वाचलीं होतीं, त्यांचीं तिकिटें कळव्याच्या रस्त्यावर लटकूं लागलीं. आठवड्याची सोडत रोजची झाली. गाडींतून उतरणारीं माणसें मात्र तींच होतीं, त्यांचे पगार तेच आणि खिसेही तेच. पूर्वीं एका टेबलाशीं थांबणारा रुपया आतां नऊ टेबलांत वांटला जाऊं लागला.

धंदा बसला असता तर एवढें वाईट झालें नसतें. नाना दुसरें कांहीं शोधते. पण उरलेला माल घाऊक व्यापारी परत घेईनासा झाला, आणि न खपलेलीं तिकिटें नानांच्या गळ्यांत राहूं लागलीं. भाजीवाल्याची उरलेली भाजी रात्रीं त्याच्या घरीं शिजते तरी. उरलेल्या तिकिटाची फक्त आशा करतां येते. ज्या माणसानें उभ्या जन्मांत एक तिकीट घेतलें नव्हतें, तो रोज रात्रीं पन्नास-साठ तिकिटांचा मालक होऊन निजूं लागला. सकाळीं वर्तमानपत्र आलें कीं आंकडे पाहण्याची धडपड सुरू होई. एकदां त्यांतल्या एका तिकिटाला पांचशें रुपयांचें बक्षीस लागलें, आणि त्या पांचशें रुपयांनीं आमचा घात केला. त्यानंतर उरलेलीं तिकिटें नाना ठेवीत नसत, तर ठेवण्यासाठीं तिकिटें उरवीत असत. आईच्या पाटल्या कधीं गेल्या हें मला कळलेंही नाहीं. बहिणीला कळलें होतें, कारण ती आईजवळ असे. बाद झालेल्या तिकिटांचे गठ्ठे आई बंब पेटवावयास घेई. त्यांच्या शाईचा वास आंघोळीच्या पाण्याला लागे, असें माझी बहीण अजूनही म्हणते.

तेव्हां दिवाळीच्या त्या दिवशीं मीं भाच्याला बोलावलें आणि गंभीर मुद्रेनें बोलावयास आरंभ केला. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मामा, हें काम चांगलं का वाईट तें मला आई रोज सांगते. तुम्ही वाणिज्य शिकवतां. हा धंदा किती दिवस चालेल, तेवढं सांगा."

प्रश्न रास्त होता. उत्तर मला येत नव्हतें. आठ दिवसांची मुदत मागून मी पुस्तकांकडे वळलों.

या धंद्याचा इतिहास चाळूं लागतांच एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. द्यूतगृहाची भरभराट त्याच्या स्वतःच्या गुणांवर फारशी अवलंबून नसते. ती शेजाऱ्याच्या कायद्यावर अवलंबून असते. फ्रान्सनें १८३७ सालच्या अखेरीस आपलीं द्यूतगृहें बंद केलीं, त्यामुळें पॅरिसचा जुगार सुटला नाहीं. तो ऱ्हाइनपलीकडे बाडेन-बाडेन आणि होम्बुर्ग या औषधी स्नानांच्या गांवीं जाऊन बसला, आणि त्या गांवांचें भाग्य उजळलें. पुढें १८७२ च्या अखेरीस जर्मनीनेंही दारें लावून घेतलीं. मग सारी लक्ष्मी मोनाकोच्या चिमुकल्या संस्थानांत आली. तेथें होम्बुर्गचाच चालक फ्रांस्वा ब्लां १८६३ पासून दुकान मांडून बसला होता. दोन थोर राष्ट्रांच्या सदाचारावर एक डोंगराळ खडक श्रीमंत झाला. आणि गंमत अशी कीं मोनाकोच्या नागरिकांस स्वतःच्या गांवच्या त्या टेबलांवर खेळण्याची बंदी होती, ती आजही आहे. पाहुण्यानें हरावें आणि घरच्यानें दारांत उभें राहून मोजावें, हा या धंद्याचा मूळ करार आहे.

हा करार मोडला म्हणजे काय होतें तें अमेरिकेंतील अटलांटिक सिटीनें दाखवून दिलें. न्यूजर्सी राज्यांतील हें समुद्रकांठचें शहर ओस पडत चाललें होतें. १९७६ सालीं तेथील मतदारांनीं कॅसिनोला कौल दिला आणि १९७८ च्या मे महिन्यांत पहिला कॅसिनो उघडला. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथील माणसें सकाळीं निघून रात्रीं परतूं शकत, आणि त्यांच्या स्वतःच्या राज्यांत ही सोय नव्हती. तीस वर्षांच्या आंत, म्हणजे २००६ सालीं, खेळणाऱ्यांनीं तेथें ठेवून गेलेली रक्कम पांच अब्ज डॉलरांच्या वर पोंचली. पण आपला पैसा पलीकडे जातो हें पाहून शेजारच्या पेनसिल्व्हानियानें २००४ सालीं कायदा केला, आणि २००६ सालींच तेथें पहिलें द्यूतगृह निघालें. इतर शेजारीही मागें राहिले नाहींत. आठ वर्षांत अटलांटिक सिटीचें उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आलें. २०१४ या एका वर्षांत बारांपैकीं चार कॅसिनो बंद पडले आणि सुमारें आठ हजार माणसें कामाला मुकलीं. त्या चारांतील एक तर दोन अब्जांहून अधिक डॉलर खर्चून अवघ्या दोन वर्षांपूर्वीं उघडलेला होता. पुढें २०१८ सालीं दोन बंद इमारती नव्या नांवांनीं पुन्हां चालूं झाल्या हें खरें, पण शेजारीं कोणी नाहीं असे दिवस त्या शहराला पुन्हां येणें नाहीं.

हें वाचीत असतांना मला एकसारखा कळव्याचा रस्ता दिसत होता. फिलाडेल्फियाचा मनुष्य आतां फिलाडेल्फियांतच हरतो. म्हणजे सरकारला बाहेरचा पैसा मिळत नाहीं, आपल्याच माणसाचा पैसा एका खिशांतून दुसऱ्या खिशांत जातो आणि वाटेंत त्याचें घर मात्र मोडतें. बाजार भरला म्हणजे दुकानदार स्वतःच गिऱ्हाईक होतो. माझ्या फळ्यावरील दोन रेषांत ही गोष्ट कोठेंच नाहीं.

त्याच १९७६ सालीं आपल्याकडेही कागद हलले होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें त्या वर्षीं कॅसिनोंचें नियंत्रण व कर यासंबंधींचा कायदा मंजूर केला, आणि मग तो अंमलांत आणलाच नाहीं. सत्तेचाळीस वर्षें तो कायदा दप्तरांत निजून राहिला आणि २०२३ सालीं सरकारनें तो रद्द करण्याचें ठरविलें. गोव्याचा जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच. पण १९९२ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांच्या यंत्रांना मोकळीक मिळाली, आणि १९९६ सालीं जहाजांवर पत्ते व चक्र यांनाही. आज मांडवींत अशीं सहा जहाजें उभीं आहेत. कॅसिनो नदींतून हलवावे अशी पणजीकरांची मागणी जुनी आहे, आश्वासनेंही तितकींच जुनीं आहेत, आणि जहाजें तेथेंच आहेत. गोवेकरांस मात्र २०२० च्या फेब्रुवारीपासून त्यांवर खेळण्यास मज्जाव झाला. नेपाळांतील कॅसिनोंतही नेपाळी नागरिकास खेळतां येत नाहीं, आणि तेथील टेबलें मुख्यतः भारतीय पाहुण्यांवर चालतात. सिंगापूरनें २०१० सालीं दोन कॅसिनो उघडले ते परक्यांस मोफत आणि आपल्या नागरिकांस दिवसाला शंभर डॉलर प्रवेशकर लावून. २०१९ पासून हा कर दीडशें झाला. मोनाकोचा जुना करार सर्वांना कळला आहे. सर्वांना शेजाऱ्याचें गिऱ्हाईक हवें आहे आणि आपला मुलगा घरीं हवा आहे.

आठ दिवसांनीं मीं भाच्याला उत्तर दिलें. मीं म्हटलें, "जोंपर्यंत महाराष्ट्र आणि कर्नाटक यांत मनाई आहे, तोंपर्यंत तुझी बोट तरंगेल. ज्या दिवशीं शेजारी दारें उघडतील, त्या दिवशीं ती रुतेल. सिक्कीमनें २००२ सालीं कायदा केलाच आहे, पण तो दूर आहे. जवळचा शेजारी तेवढा पाहा."

तो म्हणाला, "गोव्याला समुद्र आहे, मामा. लोक नुसते पत्ते खेळायला येत नाहींत."

"अटलांटिक सिटीलाही समुद्र आहे," मीं म्हटलें. या उत्तराचा मला थोडा गर्व वाटला.

त्यानें जरा वेळानें हळूच विचारलें, "आजोबांनीं स्टॉल टाकला तेव्हां त्यांच्यापुढें दुसरं काय होतं?"

याचें उत्तर मीं दिलें नाहीं. तो गेला.

गेल्या वर्षीं थंडींत मी त्याला भेटावयास गेलों. कळव्याहून ठाण्यास येऊन गाडी धरली. ज्या नदीवर मी निघालों होतों तिचेंच नांव धारण करणारी मांडवी एक्स्प्रेस. गाडी पारसिकच्या बोगद्यांत शिरली तेव्हां मनांत आलें, आयुष्यभर ही गाडी आमच्या घराजवळून गेली आणि मी आज प्रथम तिच्यांत आहें. करमळीस उतरून संध्याकाळीं पणजी गांठली. भाच्याची पाळी उशिराची होती, म्हणून आम्ही दोघे नदीकांठच्या एका बांकावर बसलों. पाण्यावर दिव्यांचे डोंगर उभे होते. लहान होड्या माणसें भरभरून धक्क्यावरून नेत होत्या. धक्क्यावर प्रत्येकाचें ओळखपत्र पाहिलें जात होतें. मीं कान दिला तों रांगेंत जिकडेतिकडे आपलीच भाषा. एकजण पुण्याचा, दोघे कोल्हापूरचे, एक मोठा घोळका बेळगांवचा. कडेला लावलेल्या मोटारींच्या पाट्यांवर तर महाराष्ट्राचींच अक्षरें. एक तरुण फोनवर घरीं सांगत होता कीं मीटिंग लांबली आहे, जेवायला थांबूं नका.

भाचा हंसून म्हणाला, "पाहिलंत ना, मामा? तुमच्या सरकारनं मनाई केली म्हणून मला नोकरी आहे. आमच्या बोटीवर सगळे हीच प्रार्थना करतात, महाराष्ट्रांत कधीं कॅसिनो निघूं नये."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलों. तीच प्रार्थना माझी बहीण देवापुढें करते. दोघांचे शब्द एकच आहेत. आपल्या राज्यानें सत्तेचाळीस वर्षें एक कायदा निजवून ठेवला, याचा मला अभिमान होता, आणि तो अजून आहे. कळव्याच्या स्टेशनावर उतरणाऱ्या माणसाला हरण्यासाठीं बारा तासांचा प्रवास करावा लागतो, आणि त्या बारा तासांत कितीतरी माणसें वाचतात. अंतर हीही एक प्रकारची नीति आहे. परंतु आपल्या सोवळ्याचें ओंवळें पाणी शेजाऱ्याच्या नदींत जाऊन पडतें, आणि त्या पाण्यावर आपलींच मुलें नोकरी करतात, हें मीं त्या बांकावर बसेपर्यंत ध्यानांत घेतलें नव्हतें.

शिवाय अंतरही आतां पूर्वींचें राहिलें नाहीं. मधल्या काळांत सर्वांत जवळचा शेजारी खिशांतल्या फोनमध्यें येऊन बसला होता. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन खेळांवर संसदेनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें बंदीचा कायदा केला, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत कॅसिनोंवरील वस्तु-सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून चाळीस झाला. भाचा म्हणाला, "फोनवरची बंदी आमच्या फायद्याची, कर आमच्या तोट्याचा. बोटीवर कोणी खूष आहे, कोणी धास्तावलेला आहे." नदींत उभ्या असलेल्या जहाजाचें नशीब दिल्लींत, मुंबईंत आणि बंगळुरांत ठरतें. त्याला स्वतःला फक्त दिवे लावतां येतात.

उठतांना मीं त्याला धीर करून विचारलें, "तूं कधीं खेळतोस का?"

"आम्हांला खेळतां येत नाहीं, मामा. कामावरच्या माणसानं टेबलाला पैसे लावले तर नोकरी जाते." मग जरा थांबून तो म्हणाला, "आईला सांगा. इथं उरलेलीं तिकिटं घरीं आणतां येत नाहींत."

म्हणजे आजोबांची सारी हकीकत त्याला ठाऊक होती. मीं ती त्याला कधीं सांगितली नव्हती.

कळव्यास परत आल्यावर मीं त्याचा निरोप बहिणीला जसाच्या तसा सांगितला. तिनें तो पुन्हां एकदां सांगावयास लावला. नियम खरा आहे ना, कोणी मोडीत नाहीं ना, असें दोनदां विचारलें. मग बराच वेळ ती भाजी निवडीत बसली. मला वाटलें, तिचें समाधान झालें. तेवढ्यांत मान वर न करतां ती म्हणाली, "नानांनाही पहिलीं चार वर्षं नियम होताच, दादा. तो त्यांनीं स्वतःच घातला होता. गिऱ्हाईक होतं तोंवर टिकला. त्या बोटीवर बाहेरची माणसं यायचीं थांबलीं म्हणजे रे?"

अर्थशास्त्राचीं एवढीं पुस्तकें चाळून मीं जें शोधून काढलें होतें, तें या बाईनें बंबासमोर बसून चौदा-पंधराव्या वर्षींच शिकून घेतलें होतें. गोव्याचें दार गोवेकराला किती दिवस बंद राहील, हेंच ती विचारीत होती.

"तशी वेळ आली," मीं म्हटलें, "तर त्याला लगेच घरीं बोलावूं."

"माझी खोली रिकामीच आहे," ती म्हणाली, आणि भाजी घेऊन आंत गेली.